जुन्या ट्रकचे चाक आणि डिलाईल रोडचे मिस्त्री

वाचकहो, शेतकी खात्याचा माणूस बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी लिहायचे सोडून ट्रकच्या चाकांविषयी का लिहितो आहे, असे आपणास वाटेल. कारण सांगतो. माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती इतरांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख.

खटाव तालुक्यातल्या एका गावात माझे नेहमीचे जाणे-येणे आहे. तिथे एक वयस्कर शेतकरी आहेत, त्यांना आपण आप्पा म्हणू. त्यांच्या वडिलांनी साठीच्या दशकात एक ट्रक घेतला होता. पुढच्या जाळीवर तारा असलेला. टाटांनी जर्मनीच्या डेम्लर-बेंझ कंपनीशी १९५४ साली करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ पर्यंत चालला, आणि त्यानंतर गाडीवरचा तारा जाऊन टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. म्हणजे तारा असलेली गाडी आज निदान पंचावन्न वर्षांची धरायची. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला नव्हता, त्या काळात हीच गाडी गावचा बटाटा घेऊन घाट उतरायची. आप्पांची बहीण लग्न होऊन मुंबईला गेली, तिची भांडीकुंडी याच गाडीतून गेली. अशी गाडी भंगारात घालायला मन होत नाही. गोठ्याशेजारी चिंचेखाली ती बरीच वर्षे उभी होती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आप्पांच्या पुतण्याने ती पुन्हा सुरू केली. इंजिन चालू झाले, ब्रेकचे काम झाले. राहिली होती चाके. एक चाक घेऊन तो पंक्चरच्या दुकानात गेला. मी सहज तिथे थांबलो होतो. टायर बसवला, हवा भरायला सुरुवात झाली. चाकाची लॉक-रिंग एका बाजूला बोटभर वर राहिली होती. पोराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “दोन हातोडे मार, बसेल.”

मी तिथून निघालो, आणि अर्ध्या तासात आवाज झाला. दुकानाच्या पत्र्याला भोक पाडून लॉक-रिंग पलीकडच्या शेतात जाऊन पडली होती. जाताना तिने पोराचा उजवा हात कोपराच्या खाली दोन ठिकाणी मोडला. डोके वाचले ते केवळ तो वाकलेला नव्हता म्हणून. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. पण तो शब्द माझा होता.

हवेचे वजन

आपल्याला वाटते, हवा ती काय! पण थोडा हिशोब करू. ट्रकच्या चाकात दर चौरस इंचाला ९० पौंडांच्या आसपास हवा असते. नऊ इंच लांब आणि तीन इंच रुंद, म्हणजे वीतभर लांबीची पट्टी घ्या. ती झाली २७ चौरस इंच. तेवढ्याच जागेवर हवेचा दाब होतो २,४३० पौंड, म्हणजे अकरा क्विंटल. गव्हाची क्विंटलची अकरा पोती एका वितीवर रचल्यासारखे. हा हिशोब फक्त एका पट्टीचा. सबंध चाकाच्या कडेवर किती भार येत असेल, याचा अंदाज आपणच करावा.

आता जुन्या ट्रकचे चाक कसे असते ते पाहू. मोटारगाडीची रिंग एकसंध असते. जुन्या ट्रकची तशी नसते. टायर जाड व ताठ, तो एकसंध रिंगेवर चढवणे अवघड, म्हणून चाक दोन किंवा तीन भागांचे करतात. एक मुख्य रिंग, तिच्यावर बाजूने बसणारे लोखंडी कडे, आणि ते कडे निसटू नये म्हणून खाचेत बसवलेली लॉक-रिंग. काही चाकांत कडे आणि लॉक एकच असते. ही लॉक-रिंग एका ठिकाणी तोडलेली असते, म्हणून टॉमीने उचकटून काढता येते. हवा भरली की टायर कड्याला दाबतो, कडे लॉकला दाबते आणि लॉक खाचेत घट्ट बसते. खाच गंजलेली असेल, लॉक वाकलेली असेल किंवा दुसऱ्याच चाकाची असेल, तर ती अर्धवट बसते. वरून पाहणाऱ्याला वाटते बसली. आतली हवा मात्र वाट शोधत असते.

डिलाईल रोडला

पोराचा हात प्लास्टरमध्ये असताना आप्पा एक दिवस माझ्याकडे आले. म्हणाले, “साहेब, गाडी विकून टाकू का?” मी म्हणालो, “विकलीत तर ही चाके दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या हातात जातील. आधी चाकाचे काय ते कळू द्या.”

आप्पांची बहीण मुंबईला डिलाईल रोडला राहते. रस्त्याचे नाव बदलून ना. म. जोशी मार्ग झाले त्याला किती वर्षे लोटली, पण सातारा-कोल्हापूरकडचा माणूस अजून डिलाईल रोडच म्हणतो. तिचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर ते पुन्हा खात्यावर गेले नाहीत. त्यांच्याच चाळीत एक मिस्त्री राहतात, आज पंच्याहत्तरीच्या पुढचे. कॉटन ग्रीनहून गिरण्यांना कापसाच्या गाठी पोचवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टच्या गॅरेजमध्ये त्यांनी उभी हयात टायर बसवण्याचे काम केले. सगळी चाळ त्यांना नाना म्हणते.

आम्ही दोन लॉक-रिंगा, एक कडे आणि मुख्य रिंगेचा मापे लिहिलेला कागद असे गोणपाटात बांधून करी रोड स्टेशनला उतरलो. डिलाईल रोडला आता टायरचा बाजार नाही. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. आमचा शोध दुकानाचा नव्हता, जाणत्या माणसाचा होता.

बहिणीने चहा ठेवला. नानांनी गोणपाट गॅलरीत उलगडले. प्रथम त्यांनी रिंग तारेच्या ब्रशने लख्ख घासली. मग रॉकेलचा बोळा फिरवला, थोड्या वेळाने ती कोरडी पुसली, आणि तिच्यावर खडूची पूड चोळली. आम्ही पाहत बसलो. पाच-दहा मिनिटांनी पांढऱ्या खडूवर केसासारखी एक ओली काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेले रॉकेल खडूने वर ओढून घेतले होते.

“ही रेघ दिसतेय ना आप्पा? ही रिंग मेलेली आहे. उडाली नाही ती दुसरी. उडाली ती तर वाकलेलीच होती.”

आप्पा म्हणाले, “वेल्डिंग करून घेतली तर?”

नाना हसले नाहीत. म्हणाले, “बैलाचा पाय मोडला तर फळी बांधून त्याला नांगराला जुंपाल का? रिंगेला वेल्डिंग नाही, तापवून सरळ करणे नाही. चीर गेली तिथे लोखंड गेले.”

बाजारातला फेरा

दुसऱ्या दिवशी नाना आमच्याबरोबर निघाले. कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकाने आहेत, रे रोडला दारूखान्यात जहाजांचे व इतर भंगार येते. दोन्हीकडे फिरलो. एका ठिकाणी लॉक-रिंग मिळाली. काळ्या रंगाने चकाचक, मापाला बरोबर, किंमत अगदी कमी. आप्पांनी लगेच कनवटीला हात घातला.

नानांनी नखाने रंग खरवडला. आत जोड होता. मग दुसरी दाखवली, तिला जोड नव्हता. नानांनी तिच्यावर ठोकलेली अक्षरे वाचली आणि आमच्या कागदाशी ताडून पाहिली. मापाचा आकडा तोच, पण बनवणारा वेगळा. “बसेल, पण धरणार नाही. खाचेचा कोन प्रत्येकाचा निराळा. एका घरचे कुलूप, दुसऱ्या घरची किल्ली.”

शेवटी नानांनी स्पष्ट सांगितले की सुट्या रिंगा शोधण्याचा नाद सोडा. त्याच मापाची पुरी चाके घ्या, म्हणजे मुख्य रिंग, कडे व लॉक एकाच कारखान्याची, एकमेकांबरोबर जन्मलेली. आपल्या देशात ट्रकची पोलादी चाके पुष्कळ वर्षांपासून बनतात. मद्रासजवळ पाडी येथील व्हील्स इंडिया ही कंपनी १९६० पासूनची आहे. वीस इंची ट्यूबच्या टायरची चाके अजून चालू ट्रकांना लागतात, म्हणून ती मिळतात. पाहायचे ते एवढेच की बोल्टांची भोके किती, भोकांच्या वर्तुळाचा व्यास किती, मधल्या भोकाचा व्यास किती, आणि चाक आत-बाहेर किती बसते. मागची चाके जोडीची असतात. चाक जास्त आत बसले तर दोन टायर एकमेकांना घासून तापतात.

सहा चाके आणि एक स्टेपनी, वर टायर, ट्यूब व फ्लॅप. हिशोब ऐकून आप्पा गप्प झाले. त्या पैशात एक चांगली दुभती म्हैस दावणीला आली असती. संध्याकाळी ते बहिणीला म्हणाले, “आबांची गाडी आहे, पण परवडत नाही गं. जुन्याच चाकांवर जरा हळू चालवू.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दादा, इथला पूल आठवतो ना? लोअर परळच्या स्टेशनावरचा?”

वाचकांसाठी सांगतो. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रेल्वेरुळांवर कोसळला. त्यानंतर मुंबईतले पूल तपासले गेले. त्याच महिन्यात डिलाईल रोडचा पूल धोक्याचा ठरवून बंद केला, पुढे तो पाडला आणि नव्याने बांधला. पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला.

“पाच वर्षं वळसे घालत हिंडलो आम्ही,” ती म्हणाली. “शिव्या दिल्या. पण तो पडला नाही, पाडला. त्याच्याखाली कुणी मेलं नाही. आबा असते तर त्यांनी गाडी जपली असती का नातवाचा हात?”

आप्पांनी दुसऱ्या दिवशी पैसे भरले. सगळे एकदम नव्हते, म्हणून आधी चार चाके घेतली आणि बाकीची पुढच्या बटाट्यावर ठेवली. तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. घाई केली नाही.

चाक खोलताना व हवा भरताना

नानांनी सांगितलेले नियम मी वहीत उतरवून घेतले. पुढे मला कळले की अमेरिकेत १९८० साली अशा अनेक भागांच्या चाकांसाठी सरकारने नियमच केले, आणि त्यांतही बहुतेक हेच आहे. आपल्या नानांनी ते अनुभवाने शिकले होते.

१. चाकाचे नट सैल करण्याआधी हवा पूर्ण काढावी. व्हॉल्व्हची पिनच काढून टाकावी. मागे जोडीची चाके असतील तर दोन्हींची हवा काढावी. रिंगेला चीर असेल तर तिला धरून ठेवणारे नट सैल होताच चाक फुटू शकते.

२. टायर उतरवल्यावर रिंग, खाच, कडे व लॉक तारेच्या ब्रशने घासून पाहावे. गंजाने खड्डे पडले असतील, चीर असेल, वाक असेल, तर तो भाग कापून टाकावा. नुसता कोपऱ्यात ठेवला तर दुसरा कुणीतरी उचलून वापरतो.

३. निरनिराळ्या बनावटीचे भाग एकत्र करू नयेत.

४. टायर चढवताना साबणाचे पाणी लावावे. ग्रीस, डिझेल वा ऑइल लावू नये, त्याने रबर खराब होते.

५. प्रथम थोडीशीच हवा भरून लॉक-रिंग सगळीकडून खाचेत बसली का पाहावे. बसली नसेल तर हवा पूर्ण काढून पुन्हा जुळवावी. हवा असलेल्या चाकाच्या रिंगेला हातोडा लावू नये. माझी चूक नेमकी इथेच झाली.

६. पुढची हवा चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावी. नळी लांब हवी, तोंडाला पकड असलेली हवी आणि मध्ये हवेचा काटा हवा. भरणाऱ्याने चाकाच्या समोर नव्हे, बाजूला आणि दूर उभे राहावे. मुलाबाळांना जवळ येऊ देऊ नये.

७. हवा खूप उतरलेल्या स्थितीत गाडी चालली असेल, तर त्या टायरमध्ये तशीच हवा भरू नये. टायर उतरवून आतून तपासावा.

८. टायर बसलेल्या रिंगेला वेल्डिंगची आच कधीही लावू नये, हवा काढलेली असली तरीही. आतल्या रबराचा व वंगणाचा वायू होऊन स्फोट होतो.

९. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासून आवळावेत.

टायर घेताना

टायरच्या कडेवर माप लिहिलेले असते. उदाहरणार्थ ९.००-२० यात नऊ ही टायरची रुंदी इंचांत आणि वीस हा रिंगेचा व्यास. बिनट्यूबचे नवे टायर बहुधा साडेबावीस इंची रिंगेचे असतात. ते वीस इंची रिंगेवर चालत नाहीत, कुणी काहीही सांगितले तरी. टायरवर आय.एस.आय. खूण पाहावी. कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर सन २००० च्या आधीचा.

उभ्या गाडीचा टायर झिजलेला नसतो, म्हणून तो चांगला, असे समजू नये. ऊन व हवा रबराला म्हातारे करतात. कडेला बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी कितीही ठळक असो, तो टायर ओझ्याला नको. नक्षीची खोली कायद्याने निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. एकाच आसावर साधे आणि रेडियल टायर मिसळू नयेत. रबर चढवून घेतलेले रिमोल्ड टायर निदान पुढच्या, वळणाऱ्या चाकांना घालू नयेत. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी.

कागदांविषयी दोन शब्द

२०२१ पासून पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय झाली आहे. पण ती धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या खाजगी दुचाकी-चारचाकींसाठी आहे. ट्रकमध्ये भाड्याचा माल घालायचा तर ती सोय उपयोगाची नाही. माल वाहणारी गाडी आठ वर्षांची झाली की तिला दरवर्षी तपासणी करून योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. आप्पांनी ठरवले की कागद नीट होईपर्यंत गाडी शिवाराबाहेर काढायची नाही.

ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनीही वाचावे

आपल्यापैकी थोड्यांकडेच जुना ट्रक असेल. पण ट्रॅक्टरची ट्रॉली पुष्कळांकडे आहे, ऊस वाहणारी टायरगाडी आहे. ट्रकातून निवृत्त झालेले टायर आणि रिंगा शेवटी तिथेच येतात. गळिताच्या हंगामात रात्री-अपरात्री बांधावर चाक खोलले जाते, बॅटरीच्या उजेडात कुणीतरी लॉकवर हातोडा मारतो, आणि बाजूला घरची पोरे उभी असतात. हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस काढून प्रत्येक चाक घासून पाहा. चार-पाच घरांनी मिळून पंक्चरवाल्याला पिंजरा आणि हवेचा काटा घेऊन द्या. एकट्याला तो खर्च जड वाटतो, गावाला नाही.

आमच्या त्या दुकानात आता तयार पिंजरा आणून बसवला आहे. निम्मे पैसे आप्पांनी दिले, थोडे मी दिले. पोराचा हात जुळला, पण पूर्वीसारखी मूठ आवळत नाही. धार काढायला तो आता डावा हात वापरतो. परवा मी तिथे गेलो, तेव्हा एक ट्रॉलीवाला घाईत होता. “पिंजरा राहू दे, एवढ्याशा चाकाला कशाला,” असे म्हणत होता. पोराने काही न बोलता चाक आत ढकलले, कडी लावली, आणि ट्रॉलीवाल्याला हाताने बाजूला सारून मगच हवेची तोटी उघडली.

मीही दोन पावले मागे सरलो.